मंगळवार-शुक्रवार सोडून

२० जानेवारी, मंगळवार

पोस्टमन भानुदासनं आज पोस्टही दिलं आणि बातमीही. एक तारखेपासून आमच्या बाजूच्या गावांना पोस्ट फक्त मंगळवारी नि शुक्रवारी. बाकी वार बंद. प्रयोग म्हणे. दोन महिने करून बघणार, मग साहेब ग्रामसभेत येऊन गावाचं मत घेणार, मग पुढचं.

पारावर लगेच मत देऊन झालं. सरपंच म्हणाले, "सगळं मोबाईलवर हाय आता, बाई. पोस्ट पायजे कुणाला? बंदच करा म्हणाव बिलकुल." बाकीचे हसले. मी म्हटलं, चौथीपर्यंत मीच शिकवलं तुम्हाला, तेव्हाही धडा न वाचताच उत्तर द्यायचात. पुन्हा हसले. निवृत्त मास्तरणीचं एवढंच चालतं.

मला पोस्ट पाहिजे. पारावर गावाच्या सोयीचं बोलले, वहीत तरी खरं लिहावं. हे शेतीच्या मासिकाचे आजीव वर्गणीदार. दर महिन्याला अंक येतो. भानुदास दाराशी येत नाही, गल्लीत उभा राहून नाव पुकारतो, बापाच्या नावासकट, कारण निम्म्या गावाचं आडनाव एकच. आतून कुणीतरी "हाय" म्हणायचं. माणूस शेतात असो, सुरतेला असो की वारलेला असो, उत्तर तेच. आमच्याकडची रीत. आजही ओरडला, "रंगनाथ केशवरावऽ." मी चुलीपुढूनच "हाय" म्हणाले.

हे वाटूर फाट्यावर बसमधून उतरले त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं. मोटारीचा पट्टा आणायला गेले होते. विसरायला लागले होतेच. तिथून पुढं कुणी पाहिलं नाही.

महिन्यातून एकदा नाव ऐकू येतं. तेवढं तरी.

२४ जाने., शनिवार

शेजारच्या शांताकडे हळदीकुंकू. कुंकू घेऊन माझ्यापुढे आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. धाकट्या जावेकडे, लताकडे पाहिलं. लता तव्यासारखी काळी पडली. मीच शांताचं बोट धरून कपाळाला लावून घेतलं. वाणात चहाची गाळणी. घरी येऊन गाळणी फळीवर ठेवली आणि मग रडले. राग शांताचा नाही. तिला तरी काय कळणार, मला काय म्हणायचं ते मलाच माहीत नाही.

रात्री वैशालीचा फोन, संभाजीनगरहून. "आई, तू इकडेच ये ना आता." आबांचं नाव काढत नाही पोरगी. बापाबद्दल तिनं मनात काय ते ठरवून टाकलंय, मला सांगायचं तेवढं राहिलंय.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिला रिकामा वार. दुपारी उगीच दारात बसले. गल्ली नुसती पडून. हरभरा काढायला सगळे रानात. गाडीचा आवाज नाही, हाक नाही. सवय लागेल म्हणा.

४ फेब्रु., बुधवार

समोरच्या गयाबाई दुपारी काठी टेकत आल्या. "सुमन, भानुदास कुठं गेला गं? मालकाचं नाव पुकारलं, मी हाय म्हन्ले, भाईर आले तर कुणीच न्हाई."

त्यांचे मालक मारोती भगवान. जाऊन किती वर्षं झाली. सोसायटीच्या सभेची नोटीस अजून त्यांच्याच नावानं येते, त्यामुळे हाक नवी नाही. पण आज बुधवार. मी म्हटलं, गयाबाई, डोळा लागला असेल. त्या म्हणाल्या, "डोळा लागाया मी निवडायला बसल्ते तुरी. झोपंत तुरी निवडतंय का कुणी?" मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

१० फेब्रु., मंगळवार

सोपानच्या सुनेनंही ऐकलं, परवा सोमवारचं... नाही, कालचंच. सासऱ्याचंच, सोपानचं नाव. सासरे गेल्या पावसाळ्यात वारले. मळ्यातल्या वस्तीवर आणखी एका घरात, तिथंही गेलेल्याचंच.

आज भानुदास आला तेव्हा मी त्याला थेट विचारलं. पोरांच्या खोड्या असतील तर त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, "काल मी भोकरदनला गेल्तो भावाकडं, बाई. मंगळवार-शुक्रवार सोडून मी गाडीच काढत न्हाई. पेट्रोलचा खर्चा कोन देतंय?" मग जरा थांबून म्हणाला, "माझाच आवाज होता म्हन्तेत का?" मी म्हटलं, हो म्हणतात. त्यानं पिशवी छातीशी धरली आणि उरलेली घरं भराभर उरकली.

१६ फेब्रु., सोमवार

आज मी ऐकलं.

शिवरात्रीचं पारणं करून भांडी घासत होते. ऊन टळटळीत. "मारोती भगवानऽ." अगदी समोर, गयाबाईंच्या ओट्याखाली. आवाज भानुदासचा म्हणावा तर भा.चाच. पण भा. गाडीवरून उतरला की धापतो, नाव तोडून घेतो. यात धाप नव्हती. एका दमात, कोरं.

गयाबाई आतून "हाय" म्हणाल्या. मी मागच्या अंगणातून येऊन दाराच्या फटीतून पाहिलं. गल्लीत कुणी नाही. त्यांच्या शेळ्या तेवढ्या खुंट्याला उभ्या, सगळ्या एकाच जागी बघत होत्या. मग त्यांच्या माना हळूहळू वळायला लागल्या, कुणीतरी चालत निघालं की वळतात तशा. शांताच्या दारावरून. मग माझ्या दाराकडे.

हातातलं पातेलं मी धुवायचं विसरले. माझ्या दाराशी माना थांबल्या. किती वेळ ते सांगता येत नाही. मग पुढं वळल्या, आणि वेशीच्या अंगाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव ऐकू आलं.

ह्यांचं नाव घेतलं नाही.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, पोटातून. ते फक्त गेलेल्यांचीच नावं घेतं हे आता सगळ्या गावाला कळलंय. ह्यांचं घेतलं नाही. म्हणजे हे आहेत. कुठं आहेत, कुणाच्या दारात बसलेत, जेवलेत की नाही, माहीत नाही. पण आहेत.

२३ फेब्रु., सोमवार

विचित्र म्हणजे गावात कुणी फारसं घाबरलेलं नाही. रिकाम्या वारी दुपारी बायका रानातून लवकर परततात. गयाबाई सोमवारी, बुधवारी नऊवारी बदलून बसतात. मी विचारलं, हाय म्हटल्यावर पुढं काय होतं? म्हणाल्या, "काय व्हायचंय? त्याच्याकडं द्यायला काही नसतंय. इचारून जातंय." आणि दिसत काहीच नाही? "दिसत न्हाई. जागा भरल्यावाणी वाटती, बास."

रविवारी येत नाही. सुट्टी पाळतं. मी हे शांताला म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हसताना मीच लाजले.

माझा दिवस आता असा: रिकामा वार उजाडला की सकाळीच कामं उरकते. दुपारी दाराशी. ते आलं, थांबलं, पुढं गेलं, की पास झाल्यासारखं. मग जेवते. त्याआधी घास उतरत नाही.

११ मार्च, बुधवार

नीट लिहावं.

दुपारी ते शांताच्या दाराशी थांबलं. त्यांच्या घरी अलीकडे कुणी गेलेलं नाही, म्हणून मी कान दिला. "उत्तम शेषरावऽ." उत्तम म्हणजे शांताचा दीर, लताचा नवरा. गुजरातेकडं ट्रक चालवतो. लता आत भाकऱ्या थापत होती, तिला हसूच आलं, माझ्यापर्यंत ऐकू आलं. "हाय," म्हणाली. मग कुंपणावरून मला म्हणते, "बाई, चुकलं बघा त्याचं. काल रात्रीच फोनवर बोलून राह्यले आमचे, आंबे आनू का म्हनून."

दिवेलागणीला फोन आला. सकाळीच झालं होतं, घाटात. फोन करणाऱ्यांना नंबर सापडेपर्यंत संध्याकाळ झाली.

सगळं मोबाईलवर हाय म्हणे.

१४ मार्च, शनिवार

लताजवळ बसून आले. रडत नाही, एकच विचारते. "बाई, मी हाय म्हन्ले ना. बराबर म्हन्ले. मंग कामून?" डी.एड. केलं, अडतीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेलाचा वास येत होता. बास.

आज शनिवार. उठताना गल्लीत ते आलं. शांताच्या दारावरून गेलं, माझ्या दारावरून गेलं. मी घरात नव्हते, पण कान तिकडंच होता. लताच्या दुःखात बसून मी आपल्या घराचं ऐकत होते. लाज वाटली. तरी ऐकलंच.

२० मार्च, शुक्रवार

पाडवा काल साधाच झाला. गुढ्या उभारल्या, गोडाचं कुणी फार केलं नाही.

पाराचं मत फिरलंय. सरपंचच आता म्हणतात, रोजचं पोस्ट पाहिजे, साहेब आला की ठणकावून सांगा. त्यांचा मुलगा पुण्याला दुचाकीवरून कंपनीत जातो. आज भा.सुद्धा बोलला, इतके दिवस बोलला नव्हता. "रोज मी पुकारायचो तवा त्याला जागा भेटत नव्हती, बाई. आपुन गल्ली रिकामी ठिवली." सगळ्यांना हे पटलंय. वार भरले की ते जाईल.

गयाबाईंना पटलंय म्हणूनच त्या भडकल्यात. "माज्या मालकाचं नाव दिवसाआड कानावर पडाया लागलं, ते तुमच्या डोळ्यात आलं का? सभेच्या नोटिशीला वरसातून एकदा पुकारतेत, तेवढ्यावर जगू का मी?" सोपानची सून त्यांच्या बाजूची. म्हणजे गावात उघड दोन तट. ज्यांचे गेले त्यांना रिकामे वार पाहिजेत. ज्यांचे बाहेर आहेत त्यांना नकोत.

मी कोणत्या तटात, असं शांतानं विचारलं. मी चहा टाकायला उठले.

२५ मार्च, बुधवार

वैशाली आली. वाटूरच्या कुणीतरी तिला कळवलं, जांब समर्थला मंदिराच्या पायऱ्यांवर आबांसारखा माणूस दिसला. उद्या रामनवमी, गर्दी असेल, आपण जाऊ. मी तिला मिठीच मारली. तिला वाटलं आशेनं. मला तर माहीतच होतं की हे आहेत.

दुपारी जेवत होतो. हाक आली. समोर, मारोती भगवान. वै.नं घास हातात धरून म्हटलं, "पोस्टमन आला वाटतं गं?" तिला काहीच ठाऊक नाही. मी हो म्हटलं. ते आमच्या दाराशी थांबलं. मी वै.च्या ताटाकडे बघत राहिले. पुढं गेलं. मी तिला आणखी एक पोळी वाढली.

२६ मार्च, गुरुवार

जांबहून आत्ता आलो. पाळणा झाला, गुलाल उधळला. एकेक पायरी, एकेक ओसरी पाहिली. प्रसादाच्या पंगतीत प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे वाकून पाहिलं, एकदोघं चिडले. तो माणूस सापडला. उंची तीच, टोपी तशीच, परभणीकडचा कुणी निघाला. मला म्हणाला, "बसा ना ताई, दमलात." मला त्याचा संताप आला. त्यानं काय केलं होतं?

गाडीत वै. म्हणाली, "आई, मी आता थकले." मी म्हटलं, ते आहेत. "कशावरून?" मी पदरानं गुलाल पुसत बसले.

आज गुरुवार होता आणि मी घरी नव्हते. ते आमच्या दाराशी येऊन काय म्हणालं असेल? गयाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "माझं झालं की मी आत येते. तुझ्या दाराचं मी कशाला ऐकू?"

९ एप्रिल, गुरुवार

ग्रामसभा. साहेब आले, जालन्याचे, तरुण, नम्र. नेमका गुरुवार, नेमकी दुपार. शाळेच्या मोठ्या खोलीत अख्खा गाव, दारात चपलांचा ढीग. घरी कुणी उरलं नाही.

खरं कारण एकानंही सांगितलं नाही. कुणी पेन्शनचं बोललं, कुणी आधारचं, कुणी औषधाच्या पार्सलचं. ज्याच्या घरी जन्मात पार्सल आलं नाही तोही पार्सलचं बोलला. साहेब चकित. "बाकीच्या गावांत मत विचारलं तर लोक खांदे उडवतात. तुमचं पोस्टावर एवढं प्रेम?" गयाबाई उभ्या राहिल्या, काठी आपटून म्हणाल्या, "हाय तसंच ठिवा. दोनच वार." का, म्हणून विचारलं तर तोंडाला पदर.

साहेब म्हणाले, हात वर करा, रोज पाहिजे त्यांनी. माझा हात मांडीवर होता. रोजचं सुरू झालं तर ते जाईल, आणि त्याच्यासोबत माझं पास होणंही. नाही झालं तर एक ना एक दिवस... लताचा हात सगळ्यांत उंच होता. मी हात वर केला. मला कळायला नको आहे. हे आहेत हे कळत होतं तोवर ठीक होतं. दुसरं काही कळायला नको.

तेवढ्यात हाक आली. लांबून, आमच्या गल्लीच्या अंगानं. साहेब मोजत होते, मान वर न करता म्हणाले, "तुमचा पोस्टमन तर आजही येतोय की."

भानुदास त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेला. साहेबांना ते उमगायला जरा वेळ लागला. त्यांनी भा.कडे पाहिलं, मग दाराकडे, मग आमच्याकडे. पुन्हा हाक, पुन्हा एक. नावं कळत नव्हती, नुसता शेवटचा "ऽ" भिंतीवरून यायचा. गल्लीतल्या सगळ्या घरांत "हाय" म्हणायला आज कुणी नव्हतं. गयाबाई अनवाणी बाहेर पडल्या. मलाही उठायचं होतं. मी बसूनच राहिले.

साहेबांनी कागद गोळा केले. "लिहितो मी, रोजचं करा म्हणून," एवढं म्हणाले आणि चहा न घेता गेले.

एक हाक माझ्या दाराजवळून आल्यासारखी वाटली. अंतर तेवढंच होतं. शांता म्हणते, तिच्या दारातून होती. लता म्हणते, माहीत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

भा. खुशीत. रोजचं पोस्ट मंजूर. "सोमवारपासून बघा. सायबाचा फोन आला तर उद्यापासूनच, जल्दी हाय त्याला बी." ह्यांचा अंक आला का, विचारलं. म्हणाला, "वाटूरला गठ्ठा येऊन पडलाय. फोडला की देतो."

आठवडाभर रिकाम्या वारी मी दुपारी शाळेत जाऊन बसले, पोरांचं गणित घेते म्हणून. ऐकलं नाही. गयाबाईंनाही विचारलं नाही. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

१८ एप्रिल, शनिवार

आज शाळा सकाळची, लवकर सुटली. घरी आले, दार लावून बसले. सोपानच्या घरच्यांच्या खळ्यावर मळणीयंत्र चालू आहे, गाडी आली तरी ऐकू येणार नाही. वही पुढ्यात आहे म्हणून लिहिते आहे, नाहीतर दुसरं काय करू.

आत्ता पुकारलं. माझ्याच दाराशी. "रंगनाथ केशवरावऽ."

भानुदास असेल. उद्यापासूनच, म्हणाला होता. अंक असेल हातात. धाप होती का? यंत्राच्या आवाजात समजलं नाही. भा.ला फोन लावता येईल. दार उघडता येईल. कडी हाताला येते आहे इतकी जवळ आहे.

पुन्हा पुकारलं.

मला "हाय" म्हणवेना. लतानं म्हटलं होतं ते कानात आहे. गप्पही बसवेना. मी बसल्या जागेवरून, चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "भाईर गेल्येत. येतील."

यंत्र आत्ता थांबलं, पोरं पाणी प्यायला गेली असतील. पलीकडून उत्तर नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही, पावलं गेल्याचाही नाही. गयाबाईंच्या शेळ्या इकडंच बघत असतील. फटीतून बघितलं की कळेल, पण मी इथंच बसते. दाराशी कुणीतरी थांबलंय, हे यायची वाट बघत.